शकुंतलामॅडमचं जर-तर

ईट गावच्या स्टँडवर बस बंद पडली, की लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. आमच्या शाळेच्या शकुंतलामॅडम त्याला इंग्रजी व्याकरण शिकवतात. "काल गाडी दुरुस्त केली असती, तर आत्ता आपण भूममध्ये असतो. चूक कालची, भोग आत्ताचा. ह्याला म्हणतात मिक्स्ड कंडिशनल!" ड्रायव्हर बॉनेटमधून डोकं काढून म्हणतो, "व्हय मॅडम."

मी त्याच शाळेत गणित शिकवतो. माझी खुर्ची त्यांच्या शेजारी, त्यामुळं मला सुटका नाही. डब्यातली भाजी खारट निघाली, फॅन बंद पडला, मुख्याध्यापकांचं पोट बिघडलं, सगळ्याला मॅडमचं औषध एकच.

एकदा तपासणीला आलेले साहेब फळ्यावरचं जर-तर बघून म्हणाले, "हे आठवीच्या अभ्यासक्रमात नाही. परीक्षेत येत नाही."

"परीक्षेत येत न्हाय सर, जल्मात येतं," मॅडम म्हणाल्या आणि पुढं लिहीत राहिल्या. वाईट शेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा पुन्हा घेतला.

मग वर्गातली सुनीता यायची बंद झाली. स्थळ आलं होतं. वडील दाखला न्यायला आले, तर मॅडमनी त्यांनाच बाकावर बसवलं.

"भाऊ, उद्या ही म्हणंल, 'तवा बापानं शिकू दिलं असतं, तर आज मी माझ्या पायावर उभी असते.' ऐकवंल तुम्हाला?"

"इंग्रजी शिकून कुणाचं भलं झालंय?"

"माझं झालंय! दाखला मिळणार न्हाय. कुठं तक्रार करायची ती करा. आन् एवढ्यात मांडव घातला, तर मी पोलीस घेऊनच येते जेवायला."

वडील पाय आपटत गेले. पण पुढच्या सोमवारी सुनीता वर्गात होती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी पेढे घेऊन मॅडमच्या घरी गेलो. ओट्यावर त्यांची थोरली बहीण, अक्का, बसली होती. धाकटीला शिकवायचं म्हणून घरच्यांनी हिची शाळा सोडवून लग्न लावलेलं. नवरा गेल्यापासून ती मॅडमकडंच असते. मी अक्काला सुनीताची हकिकत सांगितली, तशा मॅडम तिच्याकडं वळल्या.

"अक्का, तवा तुला शाळेत ठिवलं असतं, तर..."

"तर आज मी लई मोठी सायबीण असते," अक्का हसली. "मग तुज्यापाशी कोण ऱ्हायलं असतं गं?"

मॅडम अक्काच्या मागं जाऊन बसल्या आणि तिचे पिकलेले केस हलक्या हातानं विंचरू लागल्या.