वामनरावांचं पक्षीदर्शन

एका जंगलात, मुलांनो, समुद्राचं पाणी रोज दोनदा येऊन जायचं. खाडीकाठचं खारफुटीचं जंगल होतं ते. ओहोटी लागली की मऊ चिखल उघडा पडायचा आणि त्यात चविष्ट किडे सापडायचे.

आश्विन लागला. पाऊस गेला. दूर उत्तरेकडून चिखल्या पक्ष्यांचा थवा तिथे येऊन उतरला. थव्यात सगुणा होती आणि तिची लेक तानी. तानीचा हा पहिलाच प्रवास. डोंगर ओलांडून येता येता तिची पार काडी झाली होती.

"आता पोटभर खा," सगुणा तिला म्हणाली.

त्याच जंगलात वामनराव बगळे राहत. ते तासन्‌तास एका पायावर उभे असत, म्हणून सगळे त्यांना विद्वान समजत. एके दिवशी टेकडीवरची ससे, माकडं, हरणं अशी मंडळी त्यांच्याकडे आली.

"वामनराव, हवा छान पडलीय. आम्हाला पाखरं दाखवा की."

वामनरावांनी दाखवली. पहिल्या दिवशी तिघं आले आणि लांबून बघून गेले. कोजागिरीपर्यंत पन्नास जण येऊ लागले. ओहोटी लागली की सगळे चिखलात उतरत. पाखरं उडत. "काय सुरेख उडतात," असं म्हणत मंडळी आणखी पुढे सरकत.

तानी बसायची, चोच खुपसायची, की पुन्हा उडावं लागायचं. आठव्या दिवशी तिच्याने उडवेना. ती खारफुटीच्या मुळांत अंग चोरून बसली.

सगुणा वामनरावांकडे गेली. "भाऊ, ओहोटी आहे तोवरच आमचं जेवण. या मंडळींना काठावर थांबवा ना."

वामनरावांना वाईट वाटलं. त्यांनी सभा बोलावली आणि पाखरं उपाशी असल्याचं सांगितलं.

सशीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तर आपण त्यांच्याजवळ जाऊन त्यांना धीर द्यायला हवा."

दुसऱ्या दिवशी धीर द्यायला शंभर जण आले. माकडांनी केळी आणली. पाखरांनी केळ्यांना चोचही लावली नाही.

"शिष्टच आहेत," माकडं म्हणाली.

त्याच संध्याकाळी सगुणा तानीला घेऊन निघाली. थांबत, टेकत दोघी कड्यापलीकडे पोहोचल्या. मागोमाग सारा थवा आला. तिथे पाणमांजरांचा उकिरडा होता. कुजक्या मासळीचा वास नाकाला झोंबत होता. पण चिखल तसाच मऊ होता, आणि बघायला कुणी नव्हतं. तानी अख्खी ओहोटी मान खाली घालून खात राहिली.

महिन्याने वामनराव तिकडे गेले. तानी चांगली गुबगुबीत झाली होती. त्यांना बघून ती उडाली नाही. वामनरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"आता मंडळींना ही जागा सांगणार?" सगुणेने विचारलं.

वामनरावांनी उकिरड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारलं तर सांगेन. पण आधी वासाचं सांगेन."

परतल्यावर पाखरं कुठे गेली, असं हरणांनी विचारलंच. वामनरावांनी वासाचं वर्णन केलं. ते पुरं होण्याआधीच हरणांनी नाकं मुरडली आणि पुढचं कुणी विचारलं नाही. मंडळी रिकाम्या चिखलावर फिरून आली. पाखरं नसली की चालायला जागा किती मोकळी मिळते, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

तात्पर्य : मुलांनो, ज्याच्यावर सगळ्यांचं प्रेम आहे, त्याने शेजारी थोडी कुजकी मासळी ठेवावी.