मयताची घंटा

चर्चच्या घंटेचा पहिला ठोका पडला तेव्हा गोजरबाई खाटेवर बसून चहात भाकरीचा तुकडा बुडवत होती. दुसरा ठोका बऱ्याच वेळाने पडला. उपासनेची घंटा घाईघाईने वाजायची, मयताची सावकाश. गोजरबाईने तुकडा बशीत ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"सोने, कोण गेलं गं?"

"काय म्हाईत, आत्याबाई," सून चुलीपासून म्हणाली. "काल तर समदी धडधाकट व्हती."

"जा, बगून ये. त्यास्नी म्हणावं, मला याया जमत न्हाय, पर हितनं प्रार्थना करती."

गोजरबाई त्या गावची बायबलबाई. घरोघर जाऊन वचन वाचून दाखवायचं, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे तिचं जन्माचं काम. दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या हातून उभं राहिलेलं दगडी चर्च आणि जहाजातून, मग सोलापूर स्टेशनवरून बैलगाडीने आलेली घंटा, हा इतिहास चर्चची मंडळी पाहुण्यांना छाती फुगवून सांगायची. त्यात गोजरबाईचं नाव कुठे येत नसे. पण मंडळीतलं एक घर असं नव्हतं, जिथल्या मयताचे डोळे तिने मिटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात तिचे पाय गेले, ती खाटेला लागली, आणि तेव्हापासून तिच्या दारात कोणी फिरकलं नाही. पाळकसाहेब सोलापुरात राहायचे. महिन्यातून एकदा यायचे आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून जायचे. बाकीच्यांना एस.टी.चंही कारण नव्हतं. कोणीतरी यावं, घटकाभर बसावं, एवढंच म्हातारीचं मागणं होतं, आणि तेवढंही कोणाला झेपत नव्हतं.

चुलीवरचं उरकता उरकता तास गेला, आणि सोनाबाई उंबऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या. प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी भाकरी न्यायची, अशी रीत होती. बायका गळा काढत सोनाबाईच्या अंगावरून आत शिरल्या.

"गोजरमावशी गं, आमाला टाकून कशी गेलीस गं..."

"रडू नका," गोजरबाई खाटेवरून म्हणाली. "आदी सांगा तर खरं, कोण गेलं?"

रडणं जागच्या जागी थांबलं. सगळ्यात पुढे मार्थाबाई होती. तिने हातातली भाकरी पदराआड लपवली.

"मावशी, तुमी हाय?"

"व्हय, हाय की. का?"

का, याचं उत्तर कोण देणार? घंटा मयताच्या घरच्यांनीच वाजवायची, असा तिथला नेम. त्यामुळे कोण वाजवतंय हे पाहायला कोणी जात नसे. रानात घंटा ऐकू आली तेव्हा एक जण म्हणाला, "गोजरबाई असंल, दुसरं कोण हाय जायाजोगं?" बांधापासून वेशीपर्यंत येईतो त्यातलं 'असंल' गळून पडलं. महिन्या-दोन महिन्यांत एकाने जरी तिच्या दारात डोकावलं असतं, तर म्हातारी चहाभाकरी खाते आहे हे कळलं असतं.

एवढ्यात चर्चच्या पंचकमिटीचे याकोब मास्तर शाळा सोडून आले. आल्या आल्या डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, "आपली प्रिय भगिनी आज आपल्यात नाही. तिच्या जाण्यानं मंडळीचा आधारच..."

"मास्तर, बसा की," गोजरबाई म्हणाली.

मास्तरांनी डोळे उघडले आणि ते खरंच बसले. मागोमाग तरणी पोरं घामाघूम होऊन दारात उभी राहिली. ती कुदळी घेऊन थेट कबरस्तानातच गेली होती.

"कंबरंइतका खड्डा झाला, मास्तर. खाली मुरूम लागलाय. पुडं खणायचं का?"

मास्तरांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं. "तूर्त थांबा," ते म्हणाले.

घंटा अजून वाजतच होती. शेवटी पोरं चर्चकडे धावली आणि परतली तेव्हा त्यांच्याबरोबर एक शेळी होती, आणि शेळीमागे तिचा मालक धुळाप्पा धनगर. घंटेशेजारी बोरीचं झाड होतं. धुळाप्पाने लोंबत्या दोराला शेळी बांधली होती. ती पाल्याला मान ताणायची की ठोका पडायचा, आणि घास चघळून होईतो घंटा गप्प.

"मला काय म्हाईत तुमची रीत?" धुळाप्पा म्हणाला. "दोर दिसला, बांदली."

लोक चिडले ते धुळाप्पावर नाही तर गोजरबाईवरच. कामाचा खाडा झाला, खड्डा वाया गेला, वर म्हातारी चक्क हसत होती. मयताघरी नेलेली भाकरी परत घरी न्यायची नसते, म्हणून सगळ्यांना तिथेच बसून खावी लागली. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. गोजरबाईने प्रत्येकाच्या लेकराबाळांची नावं घेऊन चौकशी केली. तिला इतका आनंद झाला होता की बघवत नव्हतं.

"येत जाऊ आता, मावशी," जाताना मार्थाबाई म्हणाली. "दर रविवारी, उपासना सुटली की."

रविवार आला आणि गेला. कोणी आलं नाही. पंचकमिटीने मात्र कधी नव्हे ती तातडीची सभा घेतली. दोर वर गुंडाळून ठेवावा, आणि यापुढे खात्री झाल्याशिवाय घंटा ऐकून कोणी काम सोडू नये, असं ठरलं. म्हातारीकडे जाऊन यावं, हे काही कोणाला सुचलं नाही.

सुगीत, जोंधळा काढायच्या दिवसांत, एका सकाळी गोजरबाई गेली. सोनाबाईने तिचे डोळे मिटले, चर्चच्या आवारात धोंडा लोटत नेला, त्यावर चढून दोर सोडला आणि रीतीप्रमाणे सावकाश घंटा वाजवली. हात भरून येईतो वाजवली. रानात लोकांनी माना वर केल्या.

"धुळाप्पाची शेळी," कोणीतरी म्हणालं, आणि विळे पुन्हा चालू लागले.

ऊन चढलं तरी दारात कोणी आलं नाही. मग एकटा धुळाप्पा आला. शेळीला दाव्याने ओढत, रागाने लाल होऊन.

"वैनी, समदं रान माज्या नावानं शिव्या घालतंय. ही बगा शेळी. सकाळपस्नं माज्या दारात हाय. आन घंटा..."

त्याला खाटेवर पांढरी चादर दिसली. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"मीच वाजवली, दादा," सोनाबाई म्हणाली. "तुमी असं करा, शेळी न्हेऊन त्या दोराला बांदा. तिनं वाजवली तवा अख्खी मंडळी आली व्हती."

 धुळाप्पाने शेळी दाराच्या कडीला बांधली आणि तो उंबऱ्याशी बसून राहिला.