धवल्यातला माझा भाग

कॉम्प्युटर स्लो चालतोय? मला सांगा! असं मी २००५ सालापर्यंत छातीठोकपणे म्हणायचो. आता कोणी कॉम्प्युटरचं नाव काढलं की मी पाणी प्यायला म्हणून उठतो आणि परत येत नाही.

तेव्हा मी दापोड्याला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होतो. सहा दिवस, बारा-बारा तास उभं राहून खोकी चढवून घ्यायची आणि ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायचं. रविवारी अंगात जेमतेम दोन बोटं हलवण्यापुरता जीव उरायचा. ती दोन बोटं मी गाड्यांच्या रेसच्या गेमला वाहिली होती. नऊ महिने खपून शेवटच्या रेसपर्यंत पोचलो होतो. नऊ महिने! एवढ्यात माणूस जन्माला येतो!

त्या रविवारी सकाळी मी तोंडावर पेपर घेऊन पडलो होतो. आमची मृणाली कशेळीला माहेरी निघाली होती. पूर्वी नावाच्या तिच्या भाचीचं लग्न ठरलेलं. जाता जाता ती काहीतरी बोलली आणि मी पेपराखालून "हं" म्हटलं. आता माझ्या "हं"ला काही अर्थ नसतो. पंख्याची घरघर असते तसा तो एक आवाज आहे. बारा वर्षं संसार करून बाईला एवढं कळू नये?

ती काय बोलली ते माझ्या डोक्यात दुपारी शिरलं. तुम्हाला आत्ताच सांगतो.

"अहो, दामू व्हिडिओवाल्यानं जोडणी करून दिलीय. आईच्या धवल्याची कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरतेय. टेपला बुरशी लागलीय, एकदाच चालेल म्हणालाय. तीन तास कशालाही हात लावू नका!"

माझ्या सासूबाई हौसाबाई म्हणजे कशेळीच्या धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणणाऱ्या. लग्नात त्यांनी धवला गायल्याशिवाय कोणाच्या अंगाला हळद लागायची नाही. पण दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज फाटला आणि त्यांनी शपथ घेतली, आता गाणार नाही. त्यांचा धवला दुसऱ्या कोणाला येत नव्हता. राहिली होती ती एक कॅसेट. तीच ऐकून गावच्या पोरी शिकणार आणि पूर्वीच्या हळदीला गाणार, असं ठरलं होतं.

हे सगळं माझ्या "हं"मध्ये बुडालं.

दुपारी जेवून उठलो. माइकवाला हेडफोन कानाला लावला, गेम सुरू केला. आणि गाडी हलेना! कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकल्यासारखी एक फूट पुढं जायची आणि ढिम्म!

"हल ना रं मेल्या!" मी ओरडलो. पुन्हा ओरडलो. बराच वेळ ओरडलो.

शेवटी आमच्या ऑफिसातल्या प्रितेशला फोन लावला. तो कॉम्प्युटर ऑपरेटर.

"दादा, कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबा. यादी येईल. त्यात अनोळखी दिसेल त्याला उडवा."

"अरे, चौतीस जण आहेत! मी एकालाही ओळखत नाही!"

"मग जो जास्त संशयास्पद वाटेल तो!"

मी एक्स्प्लोरर नावाचा एक इसम उडवला. स्क्रीनवरची सगळी चित्रं, खालची पट्टी, सगळं गुल!

"दादा, तो घरचाच होता हो!"

"मग आधी सांगायचं ना!"

"जेवायला बसलोय दादा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग मी एकटाच लढलो. प्रिंटरचा माणूस उडवला. अँटीव्हायरस उडवला. गाडी ढिम्मच! "आरं, कोन खातंय तुला!" म्हणून मी टाहो फोडला. आणि तेव्हा मला दिसलं, यादीत कोण किती खातो तेही लिहिलेलं असतं. तीस गरीब बिचारे नुसते बसून होते आणि 'व्हीकॅप' नावाचा एक जण एकटा एक्क्याण्णव टक्के ओरपत होता! आमच्या गोडाऊनमध्ये याच्या उलट असतं, काम एक जण करतो. पण ते असो.

"सापडलास! संपवतोच तुला आता!"

संपवला. आणि गाडी काय सुटली म्हणता! शेवटची रेस मी पहिल्या नंबरानं जिंकली आणि बनियनवर नाचलो.

नाच चालू असतानाच टेबलाखाली "खट्" असा आवाज झाला. वाकून बघतो तर टॉवेलाखाली व्हीसीआर! त्यानं आपणहून कॅसेट बाहेर काढली होती. कॅसेटवर मृणालीचं अक्षर, 'आईचा धवला. जपून.'

सकाळचं सगळं वाक्य एकदम कानात वाजलं. मी उडवलेला व्हीकॅपच कॅसेट उतरवून घेत होता! कॅसेट पुन्हा आत घातली, तर व्हीसीआरनं टेपची शेवई करून परत दिली.

चारला मृणाली आली. "झाली का हो उतरून?"

"हं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दामूनं सीडी हातात ठेवली. "साहेब, माइक चालू राहिलेला दिसतो, मधे मधे कोणीतरी बोलतंय. आणि शेवट तुटलाय."

"तसाच असतो. शेवटी बाई दमते," मी म्हटलं.

मृणालीनं सीडी ऐकली. पण आईचा आवाज लागला की ती रडायला लागायची, आणि त्या रडण्यात माझं ओरडणं बुडून जायचं. सीडी कशेळीला गेली. महिनाभर पोरींनी तालीम केली. गाणं सोडलेल्या सासूबाई तिकडं फिरकल्याच नाहीत. मी रोज सांगायचं ठरवायचो आणि रोज दमून झोपायचो.

हळदीच्या दिवशी मांडवात नवरीची मैत्रीण भाग्यश्री धावत माझ्याकडे आली.

"काका, धवल्यात मधे पुरुष बोलतो ना, त्याला कोनीच न्हाय! तुमचा आवाज डिट्टो तसाच हाय. तुमीच बोला!"

नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मला ओढून पाटाजवळ उभं केलं होतं. समोर सासूबाई. पोरींनी सूर लावला.

"पयली हलद गो, वडलांच्या दारी, नवरी बसली गो, आयच्या शेजारी…"

भाग्यश्रीनं मला कोपर मारलं.

"हल ना रं मेल्या!" मी म्हणालो.

नवरी दचकून हलली, मग हसली. मांडव खो खो हसला. दुसरी हळद झाली, तिसरी झाली. "आरं, कोन खातंय तुला!" मी घाम पुसत म्हणालो. चौथी झाली.

"पाचवी हलद गो…" पोरींनी उचललं.

"संपवतोच तुला आता!" मी म्हणालो.

आणि सगळ्या पोरी गप्प! सीडी तिथंच संपत होती ना! पाच सवाष्णींचे हळदीचे हात हवेत थांबले. नवरी डोळे मिटून वाट बघतेय. कोणाला पुढचं येईना. मला वाटलं, मांडवाचा खांब उखडून आपल्याच डोक्यात घालावा!

तेवढ्यात सासूबाई उठल्या. पदर खोचला. पत्र्यावर खिळा घासावा तसा तो आवाज निघाला.

"पाचवी हलद गो, हातावर राहे, मागं वलून गो, लेक आयला पाहे…"

मृणाली रडत होती, आणि मीही रडलो. खोटं कशाला सांगू? दोन वर्षं ती बाई गायली नव्हती.

पाचवी हळद लागली. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"जावयबापू, माज्या धवल्यात पुरुस कदीपास्नं बोलाया लागला?"

मृणालीचं रडणं झटकन थांबलं. "अहो! त्या रविवारी कॉम्प्युटरला हात लावला होतात?"

"हं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या "हं"ला अर्थ होता.

मृणालीनं तोंड उघडलं, पण सासूबाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. नवरी हासली. ऱ्हाऊ दे त्याला."

त्या बोलल्या आणि मी कायमचा अडकलो. पोरी आता पाचवी हळदही शिकल्यात, अख्खा धवला गातात, पण माझ्या भागासकट! गावात हळद असली की आधी मला फोन येतो. धवलारणीला मानाची साडी देतात, मला टोपी-टॉवेल. घरात अकरा टॉवेल झालेत. गेम कधीच काढून टाकला.

या रविवारी दोन हळदी आहेत, एक सकाळी, एक संध्याकाळी. शनिवारची ड्युटी करून आल्यावर अंगात दोन बोटांचाही जीव उरत नाही. तरी सकाळी सहाला मृणाली पांघरूण ओढते आणि माझंच वाक्य मलाच ऐकवते. फक्त 'मेल्या'च्या जागी 'अहो' घालते.