मयत कोंबड्यांची यादी

सगळी चूक 'साहेब' या शब्दाची आहे. मी तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावकचा कारकून. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारायचा, आणि दुपारी शाईचं पॅड वाळलं तर नवीन मागायचं, एवढाच माझा अधिकार. (नवीन पॅड दोन वर्षं आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.) पण आमच्या जानेफळात लोक मला साहेब म्हणतात. आणि चारचौघांत कोणी साहेब म्हटलं की माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. पोटातच विरघळतं.

त्या दिवशी देवळाचं सगळं पाहणारे अर्जुनराव चार माणसं घेऊन दारात आले. देवळात सप्ताह चालू होता.

"साहेब, स्पीकरची बॅटरी बसली. तुमच्या इन्व्हर्टरची द्या ना दोन दिवस. गावात तुमच्यावाचून कोणाले म्हणावं, साहेब?"

सुचिता, म्हणजे माझी बायको, बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. ती घरी असती तर अर्जुनराव चहा पिऊन परत गेले असते आणि तुम्हाला हे वाचावं लागलं नसतं. मी मात्र दोन वेळा साहेब ऐकलं आणि बॅटरी स्वतः उचलून त्यांच्या मोटरसायकलवर बांधून दिली. सुतळीसुद्धा माझीच. कपाटाचं दार लावून टाकलं. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे, कोणाला कळतंय!

आता घरात काय चाललं होतं ते सांगतो. सुचिताने शिवणकामाच्या पैशातून अंडी उबवायची मशीन आणली होती. आत बल्ब, पंखा, बाहेर लाल आकडे. एकवीस दिवस साडेसदतीस डिग्रीवर अंडी ठेवली की गावरान पिल्लं तयार. पहिल्या वेळी एकही निघालं नाही, कारण कोणीतरी मशीनची पिन काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावला आणि रात्रभर विसरला. (तो मोबाईल कोणाचा, हे इथे महत्त्वाचं नाही.) त्यानंतर तिने आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलून, गावोगाव फिरून पुन्हा अठ्ठेचाळीस अंडी गोळा केली. गटातल्या बायांना पिल्लांचा शब्द देऊन बसली होती. मला म्हणाली, "या खेपेले नाही निघाली, तर मशीन विकून टाकीन. मंग पुन्हा आयुष्यात मी काही करतो म्हणणार नाही." हे ती रागाने म्हणाली असती तर मला एवढं लागलं नसतं. ती शांतपणे म्हणाली.

बॅटरी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या अंड्यांचा अठरावा दिवस होता. पौष महिना, आधीच कडाक्याची थंडी, आणि दुपारी दोन वाजता आभाळ काळंठिक्कर पडलं. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा. टिनावर असा आवाज की समोरच्या माणसाचं तोंड हलताना दिसावं आणि ऐकू काही येऊ नये. वीस मिनिटांत सगळं थांबलं. अंगणात घोट्याइतक्या गारा साचल्या होत्या, शिवारात हरभरा आडवा झाला होता आणि वेशीजवळचे तीन पोल तारांसकट रस्त्यावर निजले होते. लाईनवरचा पोरगा सागर तिकडून आला आणि म्हणाला, "चार दिवस तरी लाईनचं नाव काढू नका."

आतून सुचिताचा आवाज आला, "अहो, इन्व्हर्टर लावा लवकर! मशीन बंद पडली!"

"लावतो," मी म्हणालो. "त्याले आधी जरा आराम देऊ."

"आराम? महिना झाला, आरामच करून राह्यला ना तो!"

"म्हणूनच. एकदम उठवलं तर..."

तिने कपाट उघडलं. आत दोन वायरी लोंबत होत्या आणि बॅटरीच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"बॅटरी कुठी हाये?"

"देवाच्या कामाले गेली."

मग मी धावत देवळात गेलो आणि बॅटरी आणली. आली, पण अर्जुनरावांनी त्या बॅटरीतून इतकं भजन काढून घेतलं होतं की तिच्यात एक टॉर्चसुद्धा लागेना. सुचिताने मशीनवर गोधड्या टाकल्या, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या. थर्मामीटरचा काटा तरीही खाली सरकतच होता.

शेवटी माझ्या आईने तोंड उघडलं. आईचं नाव वच्छलाबाई, आणि मशीन आल्यापासून ती या क्षणाची वाट पाहत होती. "कोंबडीचं काम मशीनले देल्लं तुम्ही," ती म्हणाली. "आता जा, अन् खुडूक कोंबड्या पाहा गावात. एका कोंबडीखाली बारा अंडी मावतात. चार आणा." खुडूक म्हणजे अंडी देणं सोडून, पिसं फुगवून, उबवायला बसलेली कोंबडी. हिशोब सोपा होता.

"कोणाची कोंबडी किती दिवसांची खुडूक हाये, ते लिहून आणा," सुचिता म्हणाली, "नाही तर भलतीच घेऊन याल."

म्हणून मी वही घेतली. (ही माझी दुसरी चूक. गारपीट होऊन दोन तास झाले नाहीत तोच सरकारी माणूस गावात वही-पेन घेऊन फिरायला लागला, तर लोकांनी काय समजावं?)

पहिलं घर उकंडरावांचं.

"उकंडराव, कोंबड्या किती तुमच्याकडे?"

उकंडरावांनी वहीकडे पाहिलं. मग पेनाकडे. मग डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

"होत्या, साहेब."

"होत्या म्हणजे?"

"गारीनं मेल्या. पाच लिहा."

तेवढ्यात मागच्या टोपल्याखालून आवाज आला. चांगला ठणठणीत, खुडूक कोंबडीचा आवाज.

"मंग हे काय ओरडून राह्यलं?"

"तिचा जीव जाऊन राह्यला, साहेब. जाईन पाच मिनिटांत. तुम्ही लिहा."

मी म्हणालो, "मी पंचनाम्याले नाही आलो हो. मले घरी न्याले जिवंत कोंबडी पाह्यजे."

उकंडराव हसले. डोळा मारून म्हणाले, "कळलं साहेब. पंचनामा होऊ द्या, एक कोंबडी घरपोच करतो."

आता यावर काय बोलावं? मी पाच लिहिल्या. हाताला सवय आहे, कोणी सांगितलं की लिहितो. पुढे वेल्डिंगवाले नजीरभाई भेटले. त्यांच्या सहा मयत, "एक मुर्गा पकडके." गोविंदाने चार सांगितल्या. गोविंदा माळकरी, त्याच्या घरी कोंबडी कधी कोणी पाहिली नाही. मी तसं म्हटलं तर तो म्हणाला, "सगळ्यांच्या लिहून राह्यले, माह्याच काऊन सोडता? मी देवाचं करतो म्हणून?" मी जेवढं 'सरकारचा काही संबंध नाही' म्हणत गेलो, तेवढी लोकांची खात्री होत गेली की वरून ऑर्डर आली आहे आणि ती गुप्त आहे. माझ्या मागे मागे रांग चालू लागली. ज्यांच्या घरावरून मी गेलो नाही, ते स्वतः येऊन मेलेल्या कोंबड्या सांगून गेले. जिवंत कोंबड्या झाकायला गल्लीभर टोपल्यांवर पोती पडली.

त्यांना हसू नका. उभा हरभरा डोळ्यांदेखत झोपला होता त्यांचा. अशा दिवशी कोणी विचारायला आलं, तर माणूस कोंबडीच्या आडूनसुद्धा थोडा आधार शोधतो.

घरी आलो तेव्हा सुचिता दारातच उभी होती.

"किती मिळाल्या?"

"त्रेसष्ट."

तिचा चेहरा उजळला. "अव माय! कुठी हायेत?"

"मेल्या."

तिने वही घेतली, पान वाचलं. वर मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'मयत कोंबड्यांची यादी'. ती हसेल असं मला वाटलं. ती मशीनजवळ जाऊन खाली बसली, एक अंडं काढून गालाला लावलं आणि म्हणाली, "थंडं पडून राह्यलं हो." आणि रडायला लागली. आवाज न करता. मला आजवर बायकोने पुष्कळ बोलून घेतलं आहे, त्याचं काही वाटत नाही. पण त्या वेळी तिच्यापाशी जाऊन बसायचीही मला लाज वाटली.

मी तसाच बाहेर आलो. ओट्यासमोर वीस-पंचवीस माणसं यादीत नाव पक्कं करायला उभी होती. मी त्यांच्यासमोर ते पान टरकन फाडलं.

"आयका," मी म्हणालो. "मी साहेब नाही. मी पत्रावर शिक्का मारणारा माणूस हाये. माह्या यादीनं कोणाले कवडी मिळणार नाही. इन्व्हर्टरची बॅटरी मी मोठेपणा कराले देऊन टाकली, अन् आता घरात माह्या बायकोची अठ्ठेचाळीस अंडी थंडी पडून राह्यली. तीन दिवसांनी पिल्लं निघणार होती. मले फक्त चार खुडूक कोंबड्या पाह्यजे होत्या."

हळूहळू सगळे निघून गेले. म्हटलं, झालं, साहेबकी पण गेली आणि अंडी पण.

दिवेलागणीला (दिवे नव्हते, पण वेळ तीच) शेजारच्या खुर्शीदा भाबी आल्या. नजीरभाईंची बायको. पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"भाईजान, ये आपकी लिस्ट में मरी हुई थी," त्या म्हणाल्या. "मगर बैठती अच्छा है."

त्यांच्या मागून उकंडराव, घोंगडीत गुंडाळलेली कोंबडी घेऊन. मी कोंबडीकडे पाहिलं तर म्हणाले, "ती नव्हे हे. ती मेली. ही तिची बहीण." आणि शेवटी गोविंदा, टोपलं हातभर लांब धरून. "शेजाऱ्याची हाये. मी हात नाही लावला, टोपल्यासगट आणली."

आईने अंधाऱ्या खोलीत भुसा पसरला, तीन कोंबड्या बसवल्या, हळूच बारा-बारा अंडी खाली सरकवली. कोंबड्यांनी अंग फुगवलं, चोचीने अंडी पोटाशी ओढली आणि डोळे मिटले. सुचिताने मोठा श्वास सोडला. छत्तीस अंड्यांची सोय झाली. बारा उरली. चौथी कोंबडी गावात कुठेच खुडूक नव्हती. (खऱ्या मेलेल्या दोन होत्या, हे मागाहून कळलं.)

आईने माझ्याकडे पाहिलं. सुचितानेही पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या तोंडून हा शब्द निघाला, आणि कोणी मनावर घेतला नाही.

दहा मिनिटांत मी खाटेवर उताणा. पोटावर आईचं जुनं लुगडं, त्यात बारा अंडी, वर दोन गोधड्या, वर घोंगडी, दोन्ही कुशींना गरम पाण्याच्या बाटल्या. सुचिता म्हणाली, "अठराव्या दिवसानंतर अंडी हलवत नसतात. कूस बदलायची नाही."

"अन् शिंक आली तर?"

"गिळा."

तीन दिवस मी असा होतो. अगदीच निकड लागली तर आई अंडी चुलीजवळच्या परातीत कापसात ठेवी आणि बाहेरून ओरडे, "लवकर ये बे, थंडी होऊन राह्यली!" ऑफिसात रजेचा अर्ज पाठवला, कारण लिहिलं, 'घरगुती अडचणीमुळे हलता येत नाही'. गाव पाहायला येऊन गेलं. कोणी माझ्या तब्येतीची चौकशी केली नाही, सगळे पोटाकडे पाहून "कसं चाललं?" विचारायचे. खुर्शीदा भाबी कोंबडीला दाणे आणायच्या. मला एकदा बिस्किटं आणली.

खरं सांगू? दुसऱ्या दिवशी मला त्या बारा जणांची माया लागली. मी त्यांच्याशी बोलायला लागलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पोटावर टुक् झालं. मी श्वास रोखला. पुन्हा टुक् टुक्.

"सुचिता!" मी हाक मारली. "कोणी तरी आवाज देऊन राह्यलं!"

ती धावत आली, गोधडी सारून कान लावला. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते. बराच वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, "हाव हो, जिवंत हाये," आणि माझा हात धरला. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण असा हात तिने पहिल्यांदाच धरला असेल. माझे डोळे भरून आले. (पुसायलाही हलता येत नव्हतं.)

चौथ्या दिवशी लाईन आली तोवर कोंबड्यांनी काम उरकलं होतं. छत्तीसपैकी एकतीस पिल्लं! सुचिता खोलीभर हसत फिरत होती, गटातल्या बाया ओंजळीत पिल्लं घेऊन बसल्या होत्या, उकंडराव मेलेल्या कोंबडीच्या बहिणीचं कौतुक सगळ्यांना सांगत होते. माझ्या बारातलं एक निघालं. एकच. पण ते माझं होतं. तीन दिवस हललो नव्हतो मी त्याच्यासाठी.

सगळ्यांसमोर सुचिताने ते माझ्या तळहातावर ठेवलं. ओलं, लटपटणारं, पिवळं. मी त्याला अलगद खाली सोडलं, गुडघ्यावर बसलो आणि हात पुढे करून म्हणालो, "ये बाळा, ये."

पिल्लाने मान वाकडी करून मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वळलं, धडपडत सगळी खोली ओलांडून गेलं आणि खुर्शीदा भाबींच्या कोंबडीच्या पंखाखाली घुसलं.

"हुशार निघालं बाप्पा," सुचिता म्हणाली. "मले एवढं कळाले सोळा वर्षं लागली."