लाल तेल आणि उजवी दाढ

रविवारी सकाळी चहा पिता पिता मी ठरवलं, आज गाडीचं तेल बघायचं. एवढंच ठरवलं. यापेक्षा निरुपद्रवी असं माणूस काय ठरवू शकतो? (आमची ही म्हणते, तुम्ही काहीच ठरवत नाही तेच दिवस बरे जातात.)

गाडी सासऱ्यांची. जुनी, ऑटोमॅटिक, सायीच्या रंगाची. सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे त्यांच्या हाताखालच्या कुठल्याही वस्तूला पुढेमागे होण्याची मुभा नसते. नजर अधू झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती कुठल्या लेकीला द्यायची हे ठरेपर्यंत आमच्याकडे आणून ठेवली. दुसरी लेक म्हणजे हिची थोरली बहीण. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, कुठलंही यंत्र उघडतो, परत लावतो आणि वर त्याच्याकडे एकही स्क्रू उरत नाही. मी साधं पेन उघडलं तरी स्प्रिंग कपाटाखाली जाते.

किल्ली देताना सासरे एकच बोलले होते. "जावईबापू, गिअरबॉक्सचं तेल तेवढं दर रविवारी बघत जा. जो तेल बघेल त्याची गाडी." तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "बघितलं का?" आणि मी म्हणायचो, "हे काय, आत्ताच." अगदीच खोटं नव्हतं ते. मी खिडकीतून गाडीकडे बघतच फोनवर बोलायचो.

या रविवारी मात्र त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "अकराला येतोय. स्वतःच बघतो, आणि काय ते आजच ठरवून टाकतो."

हिने ते ऐकलं आणि मटाराची टोपली पुढे ओढली. त्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपून ती लहानाची मोठी झाली आहे. आता ती चालवताना गाणं गुणगुणते, जे घरात कधी करत नाही. (घरात मी असतो.) पण बाबांकडे गाडी मागेल तर शपथ. "मागून मिळालेलं मला नको," हा तिचा बाणा. म्हणजे गाडी राखायची ती मीच. ती गाडी साडूकडे गेली तर हिचं गुणगुणणंही तिकडेच जाईल. मी बाह्या सरसावल्या.

"मी काही सांगू का?" ती म्हणाली.

"तू मटार सोल," मी म्हणालो. "हे गाडीचं काम आहे."

तेल बघायला गाडी सपाट जागेवर लागते, हे मला ठाऊक होतं. तेलाचा डबा देताना दुकानदाराने सांगितलं होतं. (त्याने आणखीही बरंच सांगितलं होतं, पण तेव्हा मी पिशवी शोधत होतो.) आमचा रस्ता सगळा उताराचा. सपाट जागा एकच, तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर. ती जागा मी वर्षभर टाळत आलो होतो. कारण हे डॉक्टर बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. एकदा जिन्यात मी जांभई दिली तर म्हणाले, "उजवीकडची शेवटची दाढ. काढावी लागणार. कधी येताय?" तेव्हापासून मी त्यांच्यासमोर तोंड मिटूनच हसतो.

गाडी तिथे नेऊन उभी केली, बॉनेट उघडलं आणि आत शोधू लागलो. इंजिन बंद करायला विसरलो होतो. (या एका कामात विसरणं बरोबर असतं, हे मला नंतर कळलं.) तेल मोजायची एक पट्टी ओढली ती इंजिन ऑईलची निघाली. दुसरी ओढली तिला लाल तेल लागलेलं. हीच ती. मी ती पुसली, परत घातली, परत काढली. तेल पट्टीवरच्या खुणेच्या बरंच खाली.

इतके रविवार मी खिडकीतून बघत राहिलो आणि इकडे तेल आटत चाललं होतं. मी धावत वर गेलो आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं उचललं.

"मी काही सांगू का?" ही म्हणाली.

"नरसाळं धुऊन देईन," असं म्हणून मी खाली पळालोसुद्धा.

पट्टीच्याच नळीत नरसाळं लावलं आणि सढळ हाताने तेल ओतलं. ओतून झाल्यावर वर बघितलं तर ही गॅलरीत उभी.

"बाबा आधी गाडी फिरवून आणायचे," ती म्हणाली. "मग इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकदा टाकून बघायचे, आणि मग पट्टी काढायचे. थंड असलं की तेल कमीच दिसतं."

"हे आधी सांगायचं नाही का?"

तिने मटाराची एक शेंग मोडली.

गाडी फिरवून आणली, सगळे गिअर टाकून झाले, पट्टी काढली. तेल खुणेच्या इतकं वर चढलं होतं की जवळजवळ पट्टीच्या मुठीपर्यंत आलं होतं. दुकानदाराला फोन लावला.

"जास्त तेल म्हणजे कमीपेक्षा वाईट," तो म्हणाला. "फेस होतो. गिअरबॉक्सच बसतो."

"मग काय करू?"

"काढा."

"कुठून?"

"घातलंत कुठून?" असं विचारून त्याने फोन ठेवला. त्याच्याकडे बहुधा गिऱ्हाईक आलं होतं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन डॉक्टर पायरीवर आले. रविवार असल्यामुळे त्यांना बघायला एकही दात नव्हता आणि माणूस फार कंटाळला होता. मी शक्य तितकं कमी तोंड उघडून अडचण सांगितली.

"अहो, सोपं आहे," ते म्हणाले. "दवाखान्यातल्या माशांच्या टाकीचं पाणी मी असंच काढतो. नळी घालायची, एकदा तोंडाने ओढायची, मग आपोआप येतं." आणि ती हिरवट नळी त्यांनी हौसेने आणूनही दिली.

मी इंजिन बंद केलं, नळी आत सोडली आणि ओढली. पण टाकी टेबलावर असते म्हणून पाणी खाली येतं. हे तेल गाडीच्या तळाशी, ते कशाला आपोआप वर येतंय? जेवढं मी ओढीन तेवढंच येणार. चवीबद्दल एवढंच सांगतो, की पहिल्यांदा मासे लागले आणि तेल आल्यावर उलट बरं वाटलं.

ओढायचं, डब्यात थुंकायचं, पुन्हा ओढायचं. डॉक्टर माझ्या पाठीवर हात फिरवत होते. "छान. अजून एक. नाकाने श्वास घ्या."

ही खाली आली आणि म्हणाली, "मी काही सांगू का?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी हातानेच नको म्हटलं.

अकरा म्हणजे अकरा, असं मी धरून चाललो होतो. पण घड्याळवाल्याचं घड्याळ जरा पुढेच असतं, हे ध्यानात घ्यायला हवं होतं. टॅक्सीचं दार वाजलं. मी मान वर केली. दवाखान्यासमोर जावई वाकलेला, ओठांवरून हनुवटीवर लाल ओघळ, शेजारी दातांचे डॉक्टर. सासऱ्यांचा चेहरा एकदम हळवा झाला.

"अरेरे," ते म्हणाले. "दाढ का?"

मी होकारार्थी मान हलवली. (एवढीच हलवली. बाकीचं सगळं त्या मानेमुळे झालं.)

"मी वर्षभर सांगतोय यांना," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझा दंड धरला. त्या माणसाच्या डोळ्यांत मी प्रथमच एवढा आनंद बघितला. "चला, आज टाळायचं नाही."

"मी बसतो जवळ," सासरे म्हणाले. "गाडीचं नंतर बघू. आधी माणूस."

मी वळून हिच्याकडे बघितलं. ही साक्षात माझी धर्मपत्नी, पण तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. सासऱ्यांना वाटलं, लेक रडतेय.

खुर्चीत डॉक्टरांनी आधी माझ्याकडून चुळा भरून घेतल्या आणि मग दाढ बघितली. ती खरोखरच कामातून गेलेली होती. सुई टोचली, तोंड बधिर झालं. सासरे माझा हात धरून बसले. मध्येच ही आत डोकावली, डॉक्टरांच्या कपाटातली सगळ्यात मोठी सिरिंज मागून घेतली, माशांची नळी तिला जोडली आणि निघून गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ती तिसऱ्यांदा काय सांगणार होती.

बाहेर इंजिन सुरू झालं. गाडी गेली. गाडी आली. मग खट्, खट्, खट् करत एकेक गिअर पडल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी मान तिरकी केली. कानाशी घड्याळ धरल्यासारखे ते ऐकत होते. त्यांनी माझा हात हळूच माझ्या पोटावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

ते परत आले तेव्हा माझी दाढ बशीत होती आणि तोंडात कापसाचे बोळे. सासऱ्यांच्या हातात पट्टी होती, मागे ही उभी होती. तिच्या गालाला लाल तेल लागलेलं.

"बरोब्बर खुणेवर," सासरे म्हणाले. "आठ वर्षांची होतीस तेव्हा सीटवर उशी ठेवून तू मला असेच गिअर टाकून द्यायचीस. विसरली नाहीस."

"तुम्ही कुठे विसरू दिलंत, बाबा," ही म्हणाली.

"गाडी तुझी. थोरलीला मी सांगतो." त्यांनी किल्ली हिच्या हातात ठेवली. तिने काही मागितलं नव्हतं. ती हसली, आणि अगदी हळू गुणगुणायला लागली. तिथे, दवाखान्यात, माझ्यासमोर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

सासरे माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुमचं काही म्हणणं?"

होतं तर. तेल मी आणलं होतं, नरसाळं मी आणलं होतं, डबाभर तेल याच तोंडाने उपसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला खरं ते सगळं सांगावंसं वाटत होतं. मी कोपरांवर उठलो आणि बोलायला तोंड उघडलं.

डॉक्टरांनी माझ्या हनुवटीखाली भांडं धरलं आणि म्हणाले, "थुंका."