ओटमारचे चार शांत काटे

या वर्षी आपली गाडी देवालाही ऐकू येणार नाही, असं ओटमार राइसाखने गावभर सांगून ठेवलं होतं. जर्मनीतल्या आलगॉय भागातल्या त्या गावात वसंतातल्या रविवारी मोटरसायकलींना आशीर्वाद देतात. सगळ्यांत पुढची गाडी मागून पायी चालणाऱ्या फादर बेन्नोंच्या वेगाने चर्चला फेरी घालते. हा मान राइसाख घराण्याचा. पण गेल्या वर्षी ओटमारची गाडी खोकत खोकत मध्येच बंद पडली आणि प्रार्थनेत डोळे मिटलेले फादर तिच्यावर येऊन आदळले. यंदा गाडी गुरगुरली तर मान शेजारच्या झावरकडे जाईल, असं त्यांनी बजावलं होतं.

इंजिनाला चार कार्ब्युरेटर. चौघांनी सारख्याच जोराने श्वास ओढला तरच गाडी सुरळीत चालते, आणि ते बघायला हवेची ओढ काट्यावर दाखवणारी व्हॅक्यूम गेज लागतात. झावरने तेल भरलेल्या साध्या नळ्या सुचवल्या. ओटमारने नाक मुरडलं. सहा आठवडे माहितीपत्रकं वाचून त्याने पितळी चौकटीची चार गेज निवडली, तीही हवेची नळी चिमटून काट्यांची थरथर कमी करायच्या स्क्रूंसकट. स्क्रू नसलेलं गेज म्हणजे लगाम नसलेला घोडा, असं त्याचं मत पडलं.

शनिवारी त्याने इंजिन चालू केलं. काटे नुसते नाचत होते. पहिला काटा वीसवर आला तसा त्याने स्क्रू थोडा आवळला. काटा शांत झाला. आणखी आवळला, तर काटा ध्यानाला बसला! मग बाकीचे तिघेही वीसवर आले की त्याने असेच बसवले. चार काटे एका आकड्यावर, केसभरही हालचाल नाही. ओटमारने टोपी काढली. असं काही आयुष्यात पाहिलं नव्हतं त्याने.

बायको वालबुर्गा कॉफी घेऊन आली, तर कप बाकावरून चालायला लागला. "अरे, हे हलतंय किती," ती म्हणाली.

"तू कपाकडे बघू नकोस. काट्यांकडे बघ."

तिने पाहिलं आणि चालता कप हातात धरून तीही काटेच बघत राहिली.

रविवारी पुरावा म्हणून त्याने गेज जोडलेलीच ठेवली. चर्चच्या अंगणात गाडी अशी खडखडत शिरली की कबुतरं उडाली. पण तीनशे मोटरसायकलवाले हँडलवर वाकून काटे बघायला लागले आणि एकेकाच्या तोंडून हळूच "वा!" निघालं. झावरनेही मान डोलवली. फादर बेन्नो आले, चष्मा लावून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्याही चेहऱ्यावर आदर होता. ओटमार काय सांगतोय ते खडखडाटात ऐकू येईना म्हणून त्यांनी हात पुढे करून किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. अंगणात शांतता पसरली.

चारही काटे वीसवरच होते.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वालबुर्गा हलकेच म्हणाली, "ओटमार, गाडी बंद आहे."

ओटमारने एक स्क्रू जरासा सैल केला. 'फुस्स' झालं, आणि काटा शून्यावर येऊन पडला. काल स्क्रूने नळीत कोंडलेली ओढ होती ती. कार्ब्युरेटरना तर त्याचा हातही लागला नव्हता.

फादर बेन्नोंनी चष्मा काढून पुसला.

"श्रद्धेत तू आम्हा सगळ्यांच्या पुढे आहेस, ओटमार," ते म्हणाले. "गाडी मात्र मागे घे."