खांबाजवळची जागा

दिनांक ११ डिसेंबर १९९९, सायंकाळी साडेपाच वाजता माझा चपलांचा स्टँड पुन्हा जागेवरून हललेला आढळला. हलवणारा कोण, हे ठाऊक होते. घरात घसा फोडून बोलणारा आणि रस्त्यावर कुजबुजणारा गृहस्थ आमच्या इमारतीत एकच आहे.

माणिकपूरच्या या इमारतीत पूर्वी फिती विणण्याचा कारखाना होता. त्याची घरे झाली. मधले विणकामाचे दालन मात्र तसेच ठेवले. बिडाचे उंच खांब, करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, आणि त्यातल्या काचांतून सावकाश उतरणारा उजेड. मी भाविक नाही. तरी तेथून जाताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

इनासभाऊंचा वर जातो. त्यांचे आयुष्य इथल्या मागावर गेले. यंत्रे केव्हाच भंगारात निघाली. पण उंबरठा ओलांडताच इनासभाऊ त्यांच्या खडखडाटावर ताण करून बोलू लागतात. “मास्तर, पाववाला आलाय!” ही मला दिलेली वार्ता वरच्या सज्ज्यातल्या घरांनाही कळते. फाटकाबाहेर तेच ऐकायला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागतो. इमारतीतली मंडळी त्यांना ‘भोंगा’ म्हणतात.

त्यांचे दार माझ्या दारासमोर. मध्ये दालन, आणि माझ्या बाजूला एक खांब. स्टँड त्या खांबाला टेकवला, की थोड्या वेळाने तो भिंतीकडे सरकलेला असे.

“इनासभाऊ, ही जागा सामाईक आहे.”

“म्हणूनच सरकवतो!”

सोसायटीकडे तक्रार करायची, हे त्या दिवशी नक्की केले. तत्पूर्वी त्यांना रंगेहाथ पकडावे म्हणून स्टँड खांबाशी लावला आणि दार किलकिले करून उभा राहिलो.

इनासभाऊ आले. स्टँड सरकवला. आपल्या दाराशी परतून खांबाकडे वळले. बोटे ओठांशी नेली, तळहात उलटा केला, थांबले. मग एकटेच हसले.

मी बाहेर आलो. “हे काय चालले आहे?”

“रोझाशी बोलतोय!” ते गरजले. “तिचा माग त्या खांबाला, माझा इथं! या आवाजात तोंडाचा काय उपयोग? आमी सगळे हातानंच बोलायचो. लग्नाचं पन हातानंच विचारलं! तोंडानं ‘हो’ म्हनाली ती थेट देवळात, फादरनी विचारलं तवा!”

रोझाबाई वारल्यावर आगाशीची वाडी भावावर सोपवून त्यांनी नेमके हेच घर घेतले होते. का, ते कोणी विचारले नव्हते.

“आत्ता काय विचारलेत?”

“जेवलीस काय.”

त्या दालनात त्यांचा रस्त्यावरचा आवाज मी प्रथमच ऐकला.

“चपला आल्या की तिचे हात दिसत नाहीत, मास्तर.”

मी स्टँड उचलून घरात आणला. दाराआड तो मावेना. करवत काढली आणि त्याची एक बाजू कापून टाकली.